‘नॉर्मल’ या शब्दाची कुळकथा

मराठीने इंग्रजीकडून जे शेकडो शब्द घेतले, त्यांतील काही इतके रुळले की त्यांना प्रतिशब्द शोधण्याची गरजही कोणाला भासत नाही. ‘नॉर्मल’ हा त्यांपैकी एक. उपाहारगृहातील वेटर विचारतो, ‘पाणी थंड की नॉर्मल?’ लेकीचे बाळंतपण आटोपलेली आई फोनवर सांगते, ‘सगळं नॉर्मल झालं.’ रक्ततपासणीचा कागद घडी करून खिशात ठेवताना गृहस्थ म्हणतात, ‘रिपोर्ट नॉर्मल आहे.’ घरातले भांडण मिटल्यावर शेजारीण म्हणते, ‘आता दोघं नॉर्मल आहेत.’ आणि बालरोगतज्ज्ञाला दिवसातून दहा वेळा तरी ऐकावा लागणारा प्रश्न असतो, ‘डॉक्टर, बाळ नॉर्मल आहे ना?’

या पाच वाक्यांत शब्द एकच आहे, अर्थ मात्र पाच आहेत. पहिल्यात ‘फ्रीजमध्ये न ठेवलेले’, दुसऱ्यात ‘शस्त्रक्रियेविना’, तिसऱ्यात ‘छापील मर्यादेच्या आत’, चौथ्यात ‘पूर्ववत’. पाचव्या वाक्यातील अर्थ सांगणे तितके सोपे नाही. कारण विचारणाऱ्या मातेच्या मनात एक अर्थ असतो आणि उत्तर देणाऱ्या डॉक्टरच्या मनात बहुधा दुसराच. हा घोटाळा का होतो हे समजून घ्यायचे तर या शब्दाचे मूळ आणि कूळ पाहणे अगत्याचे आहे.

गवंड्याचा गुण्या

लॅटिन भाषेत ‘नॉर्मा’ म्हणजे सुतार आणि गवंडी काटकोन तपासण्यासाठी वापरतात तो गुण्या. रोमन वास्तुशास्त्रज्ञ विट्रुव्हियस याने आपल्या ग्रंथात हा गुण्या अचूक कसा करावा याची पायथागोरसची रीत दिली आहे : तीन, चार व पाच मापांच्या तीन पट्ट्या टोकाला टोक जोडल्या की काटकोन आपोआप साधतो. पायाची आखणी करताना आपल्याकडील गवंडीही याच ३-४-५ मापांनी कोपरा काटकोनात आणतात. या नॉर्मावरून ‘नॉर्मालिस’, म्हणजे गुण्याला बरोबर लागणारा, काटकोनातील. सतराव्या शतकात हा शब्द इंग्रजीत आला तोही याच अर्थाने. भूमितीत आणि प्रकाशशास्त्रात तो अर्थ आजही शाबूत आहे. आरशावर पडणाऱ्या किरणाच्या आकृतीत आपण जी लंबरेषा काढत होतो आणि मराठी पाठ्यपुस्तके जिला ‘स्तंभिका’ म्हणतात, तिचेच इंग्रजी नाव नॉर्मल.

याच कुळातला ‘एनॉर्मस’ म्हणजे मुळात ‘गुण्याबाहेर गेलेला’. ‘प्रचंड’ हा त्याचा नंतरचा अर्थ. ‘अ‍ॅबनॉर्मल’ची जन्मकथा मात्र गमतीची आहे. ग्रीक भाषेतील ‘अनोमालोस’, म्हणजे असमतल, खडबडीत, हा शब्द युरोपात फिरता फिरता नॉर्माच्या कुळात मिसळला, त्याचा ‘अनॉर्मल’ झाला आणि एकोणिसाव्या शतकात लॅटिन उपसर्गाचा पोशाख चढवून तो ‘अ‍ॅबनॉर्मल’ म्हणून वावरू लागला. ज्या शब्दाने आज माणसे धास्तावतात, त्याचा मूळ अर्थ एवढाच, की जमीन जरा वरखाली आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. गुण्या लावला की एकाच वेळी दोन कामे होतात. भिंत कशी आहे हे कळते, आणि ती कशी असायला हवी हेही ठरते. वर्णन आणि निवाडा हे दोन्ही त्या एका लाकडी पट्टीत सामावलेले असतात. नॉर्मल या शब्दाचा पुढचा सगळा प्रवास या दुहेरी स्वभावाने घडवला.

शाळेतून इस्पितळात

फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात, १७९४ मध्ये, पॅरिस येथे शिक्षक घडवणारी एक संस्था काढण्याचा निर्णय झाला. तिला ‘एकोल नॉर्माल’ असे नाव दिले गेले. अध्यापनाचा नमुना घालून देणारी शाळा, असा त्यामागचा भाव. तेथून अध्यापक विद्यालयांना ‘नॉर्मल स्कूल’ म्हणण्याची प्रथा पडली. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील लेक्सिंग्टन येथे १८३९ मध्ये असे पहिले सरकारी विद्यालय निघाले, आणि आपल्याकडे सावित्रीबाई फुले यांच्या चरित्रांतही नॉर्मल स्कूलचा उल्लेख येतो. त्या काळी नॉर्मल स्कूल म्हणजे आदर्शाचे स्थान होते. आज एखादी आई विचारते, ‘याला नॉर्मल शाळेत घेतील का?’ तेव्हा तिला चारचौघांची साधी शाळा अभिप्रेत असते. दोनशे वर्षांत शब्द आदर्शावरून सर्वसाधारणावर आला, परंतु आदर्शाचा दरारा त्याने सोडला नाही.

वैद्यकात हा शब्द रूढ केला तोही फ्रेंचांनीच. ब्रूसे या वैद्याचे म्हणणे असे, की आरोग्य आणि रोग यांत फरक जातीचा नसून प्रमाणाचा आहे. नॉर्मल स्थितीहून कमी वा अधिक झाले की रोग होतो. तत्त्वज्ञ ऑगस्त कोंत याने हा विचार उचलून समाजालाही लावला. ‘नेहमीचा, सर्वसाधारण’ हा आजचा अर्थ इंग्रजीत पसरला तो १८४० च्या सुमारास. म्हणजे आपल्याला सनातन वाटणारा हा शब्द आजच्या अर्थाने जेमतेम पावणेदोनशे वर्षांचा आहे. पुढे १९४३ मध्ये जॉर्ज कांगिलेम या फ्रेंच तत्त्वज्ञाने आपल्या वैद्यकीय प्रबंधात या कल्पनेची कसून झडती घेतली. त्याचा निष्कर्ष विचार करायला लावणारा आहे : नॉर्मल ही केवळ मोजून सापडणारी गोष्ट नव्हे, परिस्थिती बदलली तरी नव्याने जुळवून घेण्याची जीवाची क्षमता म्हणजे आरोग्य.

सरासरीचा माणूस

शब्दाला आकड्यांचे बळ मिळाले ते बेल्जियन खगोलशास्त्रज्ञ अडॉल्फ केतले याच्यामुळे. ग्रहताऱ्यांच्या निरीक्षणांतील चुका सरासरीभोवती घंटेच्या आकारात विखुरतात, हे त्याला ठाऊक होते. पाच हजारांहून अधिक स्कॉटिश सैनिकांच्या छातीची मापे पाहिली तर तीही तशीच विखुरलेली दिसली. १८३५ च्या ग्रंथात त्याने ‘सरासरीचा माणूस’ ही कल्पना मांडली होती. त्याच्या मते हा सरासरी माणूस म्हणजे निसर्गाचा हेतू आणि आपण सारे त्याच्या कमीअधिक चुकलेल्या प्रती. वजनाला उंचीच्या वर्गाने भागण्याचे त्याचे सूत्र आपण आज बॉडी मास इंडेक्स या नावाने रोज वापरतो. ते नाव १९७२ मध्ये अन्सेल कीज यांनी दिले.

त्या घंटाकृती वक्राला ‘नॉर्मल’ हे नाव एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मिळाले आणि कार्ल पिअरसनने ते सर्वतोमुखी केले. पुढे १९२० मध्ये त्यानेच खंत व्यक्त केली, की या नावामुळे इतर सर्व वक्र जणू विकृत आहेत असा लोकांचा समज होतो. तोवर मात्र उशीर झाला होता. फ्रान्सिस गॉल्टनने सुप्रजननाचा विचार मांडलेला होता, आणि १९०७ मध्ये अमेरिकेतील इंडियाना राज्याने ‘सदोष’ ठरवलेल्या माणसांच्या सक्तीच्या निर्बीजीकरणाचा जगातील पहिला कायदाही केला होता. वर्णनाचा निवाडा झाला की काय घडू शकते, त्याचे हे उदाहरण.

सरासरीचा माणूस प्रत्यक्षात कोठे भेटतो का? १९४५ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलंड शहरी हे नकळत तपासले गेले. हजारो तरुणींच्या मापांच्या सरासरीवरून घडवलेला ‘नॉर्मा’ नावाचा पुतळा तेथील आरोग्य संग्रहालयात होता. त्याच्या मापांशी जुळणारी स्त्री शोधण्यासाठी वृत्तपत्राने स्पर्धा ठेवली. ३,८०० हून अधिक स्त्रियांनी आपली मापे पाठवली. सर्व नऊ मापे जुळली अशी त्यांत एकही निघाली नाही.

तापमापक, सलाइन आणि रिपोर्ट

आता आपल्या रोजच्या व्यवहाराकडे वळू. ‘९८.६ म्हणजे नॉर्मल’ हे प्रत्येक घरात पाठ असते. हा आकडा लाइपझिगच्या कार्ल वुंडरलिश यांच्या १८६८ च्या ग्रंथातून आला. सुमारे २५,००० रुग्णांच्या काखेतील तापमानाच्या नोंदींवरून त्यांनी ३७ अंश सेल्सिअस ही सरासरी काढली. फॅरनहाइटमध्ये रूपांतर करताना तिचे ९८.६ झाले, आणि दशांश चिन्हामुळे एका ढोबळ सरासरीला नसलेली अचूकता चिकटली. १९९२ मध्ये अमेरिकेत १४८ निरोगी प्रौढांचे तापमान पुन्हा मोजले, तेव्हा सरासरी ९८.२ भरली आणि ९९.९ पर्यंतचे तापमान निरोगी माणसांत आढळले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात तर अमेरिकेतील माणसांचे सरासरी तापमान गेल्या दीडशे वर्षांत किंचित उतरत आल्याचे दिसले. तेव्हा खेळून दमलेल्या मुलाचा ९९ चा आकडा पाहून रात्रभर जागण्याचे कारण नाही. याउलट तीन महिन्यांच्या आतील बाळाचा १००.४ हा आकडा कधीही हलक्यात घेऊ नये, आणि नवजात बाळाचे अंग थंड पडणे हे तर तापाइतकेच गंभीर आहे.

‘नॉर्मल सलाइन’ची गोष्टही अशीच. रसायनशास्त्रात मिठाचे नॉर्मल द्रावण म्हणजे एका लिटरात ५८.५ ग्रॅम मीठ. आपल्या बाटलीत असते ९ ग्रॅम. म्हणजे रसायनशास्त्राच्या अर्थाने ते नॉर्मल नाही. शरीराच्या अर्थाने पाहावे तर त्यातील क्लोराइडचे प्रमाण १५४ आणि रक्तद्रवातील सुमारे १००. म्हणजे त्याही अर्थाने ते पुरते नॉर्मल नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हॅम्बर्गर या डच शास्त्रज्ञाच्या रक्तपेशींवरील प्रयोगांतून ०.९ टक्के हे प्रमाण पुढे आले. या द्रावणात पेशी फुगत नाहीत आणि आकसतही नाहीत. द्रावण उपयुक्त आहे यात शंका नाही. पण नावात ‘नॉर्मल’ आहे म्हणून ते निरुपद्रवी मानून कितीही चढवावे, असे नाही.

प्रयोगशाळेच्या रिपोर्टवर छापलेली मर्यादा बहुधा निरोगी माणसांपैकी मधल्या ९५ टक्क्यांना सामावून घेणारी असते. म्हणजेच शंभरातील पाच निरोगी माणसे त्या मर्यादेबाहेर पडणार हे आधीच ठरलेले असते. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या एकदम केल्या, तर पूर्ण निरोगी माणसाचीही किमान एक तपासणी ‘अ‍ॅबनॉर्मल’ येण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते. म्हणूनच १९६९ पासून फिनलंडच्या राल्फ ग्रेसबेक आदींनी ‘नॉर्मल व्हॅल्यू’ऐवजी ‘संदर्भमूल्य’ म्हणावे असा आग्रह धरला. मुलांच्या बाबतीत तर आणखी एक अडचण असते : रक्त बाळाचे आणि मर्यादा प्रौढांची. वाढत्या हाडांमुळे मुलांत अल्कलाइन फॉस्फटेज अधिकच असायचे; लहान मुलांच्या रक्तात लिम्फोसाइटचे प्रमाण जास्तच असायचे. प्रौढांच्या मर्यादेशी ताडून त्यापुढे ठळक खूण झाली की पालकांची झोप उडते आणि यकृताच्या नसलेल्या रोगाचा शोध सुरू होतो.

उंची, वजन आणि पहिले पाऊल

वाढीच्या तक्त्यांचा इतिहास या शब्दाच्या दुहेरी स्वभावाचा उत्तम नमुना आहे. १९७७ चे अमेरिकन तक्ते अनेक वर्षे जगभर वापरले गेले. त्यांतील तान्ह्या मुलांची मापे मुख्यतः बाटलीच्या दुधावर वाढलेल्या बालकांची होती. आईच्या दुधावर छान वाढणारे मूल तीन-चार महिन्यांनंतर त्या तक्त्यावर मागे पडल्यासारखे दिसे, आणि ‘दूध पुरत नाही’ असे म्हणून वरचे दूध सुरू केले जाई. जागतिक आरोग्य संघटनेने मग ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांत स्तनपानावर, चांगल्या परिस्थितीत वाढणाऱ्या सुमारे साडेआठ हजार मुलांचा अभ्यास केला आणि २००६ मध्ये नवे तक्ते प्रसिद्ध केले. जुना तक्ता मुले कशी वाढली हे सांगत होता. नवा तक्ता मुलांनी कसे वाढावे हे सांगतो.

याच अभ्यासात आधाराविना चालण्याचा कालखंड ८.२ ते १७.६ महिने एवढा रुंद आढळला. शंभरातील सुमारे चार मुले हातगुडघ्यांवर रांगलीच नाहीत. शेजारचा बंटी दहाव्या महिन्यात धावू लागला म्हणून आपल्या तेरा महिन्यांच्या लेकीची चिंता करणाऱ्या आजीने हे आकडे अवश्य लक्षात ठेवावेत.

उलट बाजूही आहे. तिसऱ्या शततमक रेषेवरून वर्षानुवर्षे नेमाने चालणारे बारीक मूल, उंचीने कमी असलेल्या आईबापांचे असेल तर, बहुधा निरोगी असते. परंतु पंचाहत्तराव्या रेषेवरून सहा महिन्यांत पंचविसाव्या रेषेवर उतरलेले मूल तक्त्याच्या मर्यादेत असूनही तपासावे लागते. एका दिवसाचे माप पाहून ‘नॉर्मल’ म्हणणे म्हणूनच अपुरे.

सर्रास म्हणजे योग्य नव्हे

नॉर्मलचा अर्थ ‘बहुसंख्यांसारखे’ एवढाच घेतला तर केवढा अनर्थ होतो याचे उदाहरण आपल्या घरातच आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतातील सहा महिने ते पाच वर्षे वयाची ६७.१ टक्के मुले पंडुरोगी आहेत. म्हणजे आपल्या देशात रक्त कमी असणे हेच सर्वसाधारण झाले आहे. दहा हिमोग्लोबिन पाहून ‘आपल्याकडे एवढेच असते’ म्हणणारा सल्लागार संख्येच्या दृष्टीने खोटे बोलत नाही, पण मुलाचे नुकसान करतो. लोहाच्या कमतरतेचा परिणाम मुलाच्या लक्ष देण्यावर आणि शिकण्यावर होतो. येथे सरासरी हीच रोगट आहे. गुण्या वेगळा हवा.

दोन भाषांतील मूल

आपल्यासारख्या, महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या कुटुंबांना या शब्दाचा आणखी एक जाच सोसावा लागतो. घरात मराठी, अंगणात हिंदी, गुजराती, कन्नड किंवा तेलुगू, आणि शाळेत इंग्रजी, अशा वातावरणात वाढणारे मूल थोडे उशिरा बोलू लागले की सल्ला मिळतो, ‘गोंधळ होतोय त्याचा, घरी मराठी बंद करा.’ या सल्ल्याला शास्त्राचा आधार नाही. दोन भाषा ऐकल्याने वाचादोष उत्पन्न होत नाही. दोन भाषांतील मुलाची शब्दसंपदा एकाच भाषेत मोजली तर ती कमी भरते. दोन्हींतील मिळून मोजली तर ती इतर मुलांच्या बरोबरीची असते. इंदूरच्या मराठी घरातील दोन वर्षांचे मूल आजीला ‘पाणी दे’ म्हणते आणि खेळताना ‘गाड़ी चलाओ’ म्हणते, तर दोन्ही वाक्ये त्याच्या खात्यावर जमा धरली पाहिजेत. एका भाषेच्या मुलांसाठी केलेली मोजपट्टी त्याला लावणे म्हणजे बारा इंचाची फूटपट्टी सेंटिमीटर म्हणून वाचणे.

मात्र दुसरी चूकही करू नये. सर्व भाषा मिळूनही दोन वर्षांच्या मुलाजवळ पन्नासएक शब्द नसतील, दोन शब्द जोडता येत नसतील, किंवा बोलणारे मूल एकाएकी बोलायचे थांबले असेल, तर ‘दोन भाषांमुळे होतं असं’ म्हणून थांबू नये. प्रथम श्रवणशक्ती तपासून घ्यावी. कारण शोधावे, उपचार करावेत. आणि उपचार चालू असतानाही आजीने मराठीतच गोष्टी सांगाव्यात. ज्या भाषेत घरातली माणसे मनमोकळी बोलतात, ती भाषा काढून घेतल्याने मुलाला मिळणारे बोलणेच कमी होते.

उत्तर कसे द्यावे?

‘बाळ नॉर्मल आहे ना?’ या एका प्रश्नात वस्तुतः तीन प्रश्न असतात. ते इतरांसारखे आहे का? त्याला काही धोका आहे का? आणि पुढे ते सुखाने जगेल ना? पहिल्याचे उत्तर तक्ता देतो, दुसऱ्याचे तपासणी देते. तिसऱ्याचे उत्तर देताना नम्रता आणि सहवास दोन्ही लागतात. डाऊन सिंड्रोमचे मूल पहिल्या अर्थाने इतरांसारखे नसेल. पण त्याचे हृदय, थायरॉइड, कान वेळेवर तपासले तर दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा समाधानकारक देता येते, आणि तिसरा प्रश्न तर त्याच्या घरावर, शाळेवर व आपणा सर्वांवर अवलंबून असतो. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने शाळांवर सर्वसमावेशक शिक्षणाची जबाबदारी टाकली आहे. ‘नॉर्मल शाळेत घेतील का?’ या आईच्या प्रश्नाला आता कायद्याचे पाठबळ आहे, हे तिला आपणच सांगितले पाहिजे.

आपल्या परंपरेत यासाठी ‘स्वस्थ’ हा शब्द आहे : जो स्वतःमध्ये स्थिर आहे तो. सुश्रुतसंहितेतील स्वस्थाच्या व्याख्येत दोष, अग्नी, धातू आणि मलक्रिया यांच्या समतोलाबरोबरच आत्मा, इंद्रिये व मन यांची प्रसन्नताही सांगितली आहे. शेजारच्या मुलाशी तुलना त्या व्याख्येत कोठेही नाही.

‘नॉर्मल’ हा शब्द मराठीतून हद्दपार करावा असे सुचवण्याचा हेतू नाही. तसे होणारही नाही. व्यवसायबंधूंना विनंती एवढीच, की केसपेपरवर तो लिहिण्याआधी आपल्याला तीनपैकी कोणता अर्थ म्हणायचा आहे हे स्वतःशी ठरवावे आणि पालकांना तो साध्या मराठीत सांगावा : ‘वजन वयाला साजेसे आहे, काळजीचे कारण नाही, दोन महिन्यांनी पुन्हा दाखवा.’ आणि पालकांनी डॉक्टरला निःसंकोच विचारावे, ‘नॉर्मल म्हणजे कशाच्या तुलनेत?’ या प्रश्नाचा राग मानण्याचे डॉक्टरला काही कारण नाही. उत्तरासाठी दोन मिनिटे अधिक लागतील, पण आईबाप दाराबाहेर पडतील ते आपल्या बाळाविषयी काहीतरी नेमके समजून घेऊन.